तुटलेली शिरोरेषा आणि पहिला इश्यू

शनिवार, रात्री

आजचा वर्ग ठरल्यापेक्षा बराच लांबला. विषय होता, डिझायनरने ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात, काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच: "मॅडम, पण आम्हाला कोडिंग कुठे येतं?" मी लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचा पेंग्विन, टक्स, पडद्यावर लावला. सगळ्यांच्या ओळखीचा. पण तो लॅरी युइंग यांनी १९९६ साली गिंप हे चित्रांचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरून काढला, हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलं खूश झाली. चित्र काढून द्यायचं, एवढंच ना?

एवढंच नाही, म्हणून लगेच ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरकडे वळले. जुलै २०१९ मध्ये ब्लेंडरची २.८० आवृत्ती आली. तोवर त्यात वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागायचं, २.८० मध्ये डावं बटण हीच मूळ मांडणी झाली आणि सगळ्या खिडक्यांचं रूपही पालटलं. तसं पाहिलं तर एका बटणाचा फरक. पण दुसऱ्या प्रोग्रामवरून येणारा माणूस पहिल्याच मिनिटाला अडखळायचा, ते थांबलं. कुठे अडखळतो, का अडखळतो आणि सवय झालेल्या जुन्या लोकांचं काय करायचं, हे ठरवणं म्हणजे डिझाइन.

मग गृहपाठ बघायला घेतला. मागच्या वेळी सांगितलं होतं की कुठलंही ओपन सोर्स ॲप मराठीत लावून आठवडाभर वापरा आणि जिथे डोळा थांबेल तिथला स्क्रीनशॉट काढा. नवं डिझाइन करून आणू नका, हेही बजावलं होतं. तरी निम्म्यांनी अख्खं ॲप नव्याने रंगवून आणलं. सोलापूरची एक मुलगी मात्र एकच स्क्रीनशॉट घेऊन आली होती.

खाली निळं बटण, त्यावर 'जतन करा'. पण ज, त आणि न एकमेकांपासून सुटलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली आखूड रेघ. ती म्हणाली, "हे घाण दिसतंय." मी विचारलं, "का गं?" तिला सांगता येईना. वर्गातही कुणाला सांगता येईना. मग आम्ही तेवढं एक बटण घेऊन बसलो.

इंग्रजी बटणावरची अक्षरं कॅपिटल करायची असा नियम लावलेला असतो. सगळी कॅपिटल अक्षरं खेटून आली की वाचायला जड जातात, म्हणून सोबत अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवायचा दुसरा नियम येतो. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. त्यामुळे पहिला नियम गुपचूप वाया जातो, पण दुसरा लागू होतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. आपण शब्द एकसंध ओळखतो तो त्या रेघेमुळे. रेघ तुटली की डोळ्याला वाटतं, शब्द संपला. हे कारण उलगडलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. "घाण दिसतंय" हे मत होतं. आता हातात पुरावा होता.

तिला म्हटलं, आता हे इश्यू म्हणून, म्हणजे प्रकल्पाच्या जाहीर यादीत नोंदवायची तक्रार म्हणून, लिहून काढ.

रविवार

तिने रात्रीच कच्चा मजकूर पाठवला. 'मराठी टायपोग्राफी बिघडली आहे, कृपया सुधारा,' आणि खाली तिने स्वतः काढलेलं सुरेख बटण. फोनवर बराच वेळ त्यावरच बोललो.

तिला विचारलं, हे कोण वाचणार? प्रकल्पाचे मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारी माणसं, दुसऱ्या खंडात कुठेतरी असतील, नोकरी सांभाळून रात्री काम करत असतील, आणि देवनागरीचं एक अक्षरही त्यांना येत नसेल. तुटलेलं 'जतन करा' आणि नीट 'जतन करा' ही त्यांच्यासाठी दोन सारखीच चित्रं. तेव्हा दोन्ही शेजारी ठेव, तुटल्या जागी बाण काढ. कुठला पडदा, कुठली आवृत्ती, कुठला फोन ते लिही. रेघेचं काम काय असतं ते दोन वाक्यांत सांग. आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, काय केलं म्हणजे नीट होईल ते सुचव.

तिचं म्हणणं होतं की मग सुरेख बटणाचं काय? ठेव ना. पण कारणाच्या खाली ठेव. नुसतं तयार चित्र समोर आलं की मेंटेनरकडे हो किंवा नाही एवढीच दोन उत्तरं उरतात. कारण समोर आलं की तो प्रश्न विचारू शकतो, त्याला माहीत असलेली अडचण सांगू शकतो आणि वेगळा उपायही काढू शकतो. मला या कामात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते आणि डिझाइन कॉलेजांत हीच शिकवली जात नाही. तिथे अर्धवट काम लपवायला शिकवतात. इथे अर्धवट कामच चारचौघांत मांडावं लागतं.

हे मी शिकले ते दुसऱ्यांच्या चर्चा वाचून. लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरच्या बगझिलात, म्हणजे तक्रारींच्या जाहीर नोंदवहीत, एखाद्या तक्रारीवर डिझाइनवाल्यांचं मत हवं असेल तर तशी वेगळी खूण लावायची सोय आहे. त्या खुणेने शोधलं की चर्चांची रासच समोर येते. एखादा आयकन कुठे ठेवावा यावर माणसं पानंच्या पानं वाद घालतात, एकमेकांना स्क्रीनशॉट दाखवतात आणि कधी कधी मत बदलतात. नवख्याने आधी महिनाभर हेच वाचावं असं माझं ठाम मत आहे.

म्यूझस्कोअरचं उदाहरणही पुढच्या वर्गात घ्यायचंय. मार्टिन केअरी या संगीतकार-डिझायनरने २०१९ मध्ये या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची व्हिडिओतून सडकून चिरफाड केली. पण प्रत्येक टीकेमागे कारण होतं. पुढे त्यालाच तिथे डिझाइनची धुरा मिळाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये म्यूझस्कोअर ४ नव्या रूपात आलं.

बुधवार

संध्याकाळी एका विद्यार्थ्याने फोनवर सरळ विचारलं, "मॅडम, पैसे मिळतात का यात?" घरी वडील एकटे कमावणारे, सुट्टीत तो लग्नपत्रिकांची कामं घेतो. त्याला 'सेवा म्हणून कर' सांगायची माझी तयारी नाही. ओपन सोर्समध्ये मानधनावर काम देणारा गूगलचा समर ऑफ कोड हा कार्यक्रम नावाप्रमाणेच कोडसाठी आहे. आउटरीची या इंटर्नशिपच्या कार्यक्रमात मात्र डिझाइनचेही प्रकल्प असतात, तीन महिन्यांचं काम आणि मानधन असतं. अर्ज करताना आधी त्या प्रकल्पात थोडंफार काम करून दाखवावं लागतं. म्हणजे आज लिहिलेला नेटका इश्यू उद्या अर्जात मांडता येतो. तेवढं सांगितलं. फुकट राबण्याची ऐपत ज्यांच्यात आहे तेच फक्त या क्षेत्रात उरले, तर सोलापूरच्या मुलीच्या फोनवरचं बटण कुणाच्या नजरेला पडणार?

त्याने मॉकअपमध्ये, म्हणजे पडद्याच्या नमुना चित्रात, विकतचा फॉन्ट वापरला होता. तो बदलायला लावला. आपल्या हाताशी 'मुक्ता' आहे. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतो. तो वापरता येतो, बदलता येतो, ॲपसोबत वाटताही येतो. त्याच घराण्यात गुजराती, गुरुमुखी आणि तमिळही आहेत. मूळ फाइलही सगळ्यांना उघडता यावी म्हणून पेनपॉट हे डिझाइनचं साधन वापर म्हटलं. तेही ओपन सोर्सच, ब्राउझरमध्ये चालतं.

शुक्रवार

उत्तर आलं! सोलापूरच्या मुलीने दुपारी स्क्रीनशॉट पाठवला, खाली नुसती उद्गारचिन्हं. मेंटेनरने लिहिलंय की हे आपल्याला कधीच दिसलं नसतं, आणि पुढे दोन प्रश्न विचारलेत. हे फक्त मराठीत होतं की आणखी लिप्यांतही? आणि ओळीची उंची सगळ्यांसाठी एकदम वाढवली तर इंग्रजी पडद्यावर काय होईल?

दुसरा प्रश्न उंचीचा, कारण तिने नंतर आणखी एक जागा शोधून तिथेच जोडली होती. यादीतल्या एका ओळीत 'मूर्तींचे' हा शब्द होता. वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली ऊकार. चौकट इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे वरचा टिंब आणि खालचा ऊकार दोन्ही कापले गेले होते. देवनागरीची उंची तपासायला मला याहून चांगला शब्द सुचत नाही. आता तो वर्गातल्या सगळ्यांच्या मॉकअपमध्ये घालायला लावणार आहे, 'लोरेम इप्सम' या जागा भरायच्या निरर्थक मजकुराच्या जागी.

रात्री आम्ही दोघींनी उत्तराचा आराखडा केला. बंगाली आणि गुरुमुखीलाही वरची रेघ असते, तेव्हा तिथेही तुटणार. गुजरातीला रेघ नाही, तिथे तुटलेलं दिसणार नाही, पण अक्षरं विनाकारण लांब पडतील. म्हणजे अंतराचा नियम या भाषांपुरता शून्य करणं हा सरळ उपाय. पण अंदाजाने लिहायचं नाही, दाखवायचं. तिच्या हॉस्टेलवर एक बंगाली मुलगी आहे, गुरुमुखी वाचणारं कुणी अजून सापडलेलं नाही. उंचीच्या प्रश्नावर इंग्रजी पडद्याचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट ती उद्या काढणार. कोडमधला बदल करायला वर्गातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा तयार झालाय, पण पुल रिक्वेस्टमधलं, म्हणजे तो बदल प्रकल्पात घ्या अशा विनंतीमधलं, स्पष्टीकरण तीच लिहिणार, असं तिनेच त्याला बजावलं.