विसण

गेल्या जानेवारीत आमच्या घरातला गॅस गीझर बंद पडला. सुटा भाग यायला पाच दिवस लागतील, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. टोकियोत जानेवारीच्या रात्री पारा एक-दोन अंशांवर येतो. आकडा फार मोठा वाटत नाही, पण इथली जुनी घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. खिडकीला एकेरी काच, भिंती पातळ, आणि घरभर ऊब देणारी काही सोय नाही. खोलीत हीटर लावायचा, दार उघडून न्हाणीघराकडे वळलं की पुन्हा हुडहुडी.

खरं सांगायचं तर त्याआधीचे आठ-नऊ महिने मी इथला टब वापरतच नव्हते. टबाशेजारी बादली ठेवायची, सकाळी उठून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचं आणि ऑफिसला पळायचं. साचलेल्या पाण्यात बसायचं, तेही घरातल्या सगळ्यांनी त्याच पाण्यात, हे मनाला पटत नव्हतं. इथे आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ धुऊन घेतात आणि मगच टबात उतरतात, टब फक्त अंग शेकण्यासाठी असतो, हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

सांगितलं ते शेजारच्या आजींनी. गीझर बिघडल्याचं कळल्यावर त्या संध्याकाळीच दारात आल्या, हातात दोन छोटे टॉवेल. मला 'सेंतो'त घेऊन गेल्या. सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह. दारावरच्या पडद्यावर एकच अक्षर असतं, 'यु'. यु म्हणजे गरम पाणी. जपानीत थंड पाण्याला 'मिझु' म्हणतात आणि गरम पाण्याला 'ओयु'. दोन्ही वेगळे शब्द, जणू दोन वेगळे पदार्थच. ५५० येन दिले, चपला लाकडी कप्प्यात ठेवल्या आणि बायकांच्या बाजूला गेलो.

सगळ्यांसमोर कपडे उतरवायचे म्हणून मी संकोचानं अर्धमेली झाले होते. पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. ऐंशीच्या घरातल्या बायका शांतपणे एकमेकींच्या पाठी चोळत होत्या. समोरच्या भिंतीवर भला मोठा फुजी पर्वत रंगवलेला. ही पद्धत १९१२ मध्ये टोकियोच्याच 'कान्दा' नावाच्या भागातल्या एका सेंतोपासून सुरू झाली. एके काळी देशभरात अठरा हजारांच्या आसपास सेंतो होते. घरोघरी न्हाणीघरं झाली तसे ते मिटत गेले, आता दोन हजारही उरलेले नाहीत.

पाण्यात पाय घातला आणि झटकन मागे घेतला. कढत! आजी हसल्या आणि हौदातल्या थंड नळाकडे बोट दाखवलं. पण नळ सोडण्याआधी त्यांनी आत बसलेल्या दोघींना विचारलं, "थोडं उमेरु का?" त्या दोघींनी मान हलवल्यावर मगच नळ सोडला. पाणी सगळ्यांचं असतं, म्हणून विचारायचं.

मी तो शब्द घोळवत राहिले. उमेरु, म्हणजे कढत पाण्यात थंड पाणी घालून ते सोसेल असं करायचं. विसण! विसण घालणं! मिरजेला आमच्या घरी तांब्याचा बंब होता. आजी पहाटे त्यात करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या घालायची, धुरानं डोळे चुरचुरायचे. मग घंगाळात कढत पाणी, त्यात विसण, आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात. "बघ गं, सोसतंय का?" असं विचारल्याशिवाय तिनं कधी पहिला तांब्या अंगावर घातला नाही. शहरात राहायला आल्यावर मिक्सरचा नळ आला आणि हा शब्द माझ्या तोंडातून गेला. किती वर्षांनी तो मला फुजीच्या चित्राखाली सापडला.

गळ्यापर्यंत पाण्यात बसले तेव्हा शेजारच्या बाईनं डोळे मिटून लांब उसासा सोडला, "गोकुराकु, गोकुराकु." गोकुराकु म्हणजे स्वर्ग. मला भाषांतराची गरज पडली नाही. बाहेर निघताना आजींनी माझ्या गळ्यात स्वतःचा मफलर गुंडाळला. न्हाऊन झाल्यावर अंग गार पडतं, त्याला इथे 'युझामे' म्हणतात, ते होऊ देऊ नये. मिरजेची माझी आजीसुद्धा न्हाणं झालं की डोकं खसखसून पुसायची आणि वाऱ्याला जाऊ द्यायची नाही.

गीझर सहाव्या दिवशी सुरू झाला. तेव्हापासून मी रात्री न्हाते. ऑफिसमधून कितीही उशिरा आले तरी टब भरते, वीस मिनिटं बसते, फोन बाहेर ठेवते. परदेशात आल्यावर मी मोठी सुखं मोजत होते, पगार, रेल्वे, स्वच्छ रस्ते. दिवस निभावून नेतं ते मात्र हे पाणी. रविवारी आजींबरोबर अजूनही सेंतोत जाते.

परवा डिसेंबरमध्ये वर्षातला सर्वांत लहान दिवस होता. साडेचारला सूर्य मावळला. त्या दिवशी इथे पाण्यात युझु नावाची लिंबासारखी पिवळी फळं सोडून न्हातात. आजींनी दोन आणून दिली. गरम पाण्यात त्यांच्या सालीचा वास उठला आणि मला नरकचतुर्दशीची पहाट आठवली, उटणं, मोती साबण, दारात फोडलेलं कारीट.

त्या रात्री आईला फोन करून विचारलं, बंब आहे का अजून? माळ्यावर आहे म्हणाली, तोटी गळते. येत्या दिवाळीला मी घरी जाणार आहे. तोटी बदलून घ्यायला सांगितली आहे.