कर्नलमधल्या त्रुटीतून थेट रूट: पॅच खरोखर चालू होईपर्यंत काय बंद ठेवायचं

लिनक्सच्या कर्नलमधली (यंत्राच्या मुळाशी चालणाऱ्या गाभ्यातली) एखादी त्रुटी 'लोकल' आहे असं वाचलं की बरेच ॲडमिन तिचा पॅच पुढच्या मेन्टेनन्सवर ढकलतात. हल्लेखोराकडे आधी लॉगिन हवं ना, मग घाई कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकतो. वर्डप्रेसच्या एखाद्या जुन्या प्लगइनमधून वेब सर्व्हरच्या युजरने एक कमांड चालवता आली, की लोकल प्रवेश मिळालाच. शेअर्ड होस्टिंग, कॉलेजच्या लॅबमधला सामायिक सर्व्हर, कोणीही पाठवलेल्या कोडबदलावर (पुल रिक्वेस्टवर) आपोआप बिल्ड चालवणारा सीआय रनर या सगळ्या ठिकाणी परका कोड रोजच चालतो. त्या कोडच्या आणि रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या युजरच्या) मध्ये फक्त कर्नल उभा असतो.

आणि कर्नलच्या दृष्टीने रूट म्हणजे मेमरीत लिहिलेला एक आकडा. प्रत्येक प्रोसेसची ओळख आणि अधिकार 'क्रेड' नावाच्या एका रचनेत असतात. तिथला युजर आयडी शून्य झाला आणि कॅपेबिलिटी (रूटच्या अधिकारांचे सुटे तुकडे) मिळाल्या, की काम झालं. कधीकधी तर तिथवर जायचीही गरज नसते, एखादी रूटची फाइल मेमरीत बदलता आली तरी पुरतं.

२०२२ मधला डर्टी पाइप (सीव्हीई-२०२२-०८४७; सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक) नेमका असाच होता. मॅक्स केलरमन यांना तो सापडला तो बिघडलेल्या लॉग फाइलींचा माग काढताना. पाइपमध्ये (एका प्रोसेसकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या नळीत) डेटा चार किलोबाइटच्या पानांत राहतो आणि प्रत्येक पानाला काही फ्लॅग असतात. 'या पानात पुढचा मजकूर जोडायला हरकत नाही' असं सांगणारा एक फ्लॅग त्यात आहे. स्प्लाइस हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) वापरला की फाइलची नक्कल होत नाही, पेज कॅशमधलं (फाइलींच्या मेमरीतल्या प्रतीतलं) तेच पान पाइपला जोडलं जातं. त्या वेळी फ्लॅग कोरा करायचा राहून गेला होता. आधीच्या वापरातला फ्लॅग तसाच उरला, तर पाइपमध्ये लिहिलेले पुढचे बाइट थेट फाइलच्या पानावर जाऊन बसत. फाइल फक्त वाचण्यासाठी उघडलेली असली तरी फरक पडत नसे, कारण परवानगी तपासली जाते ती उघडताना, आणि पाइपमध्ये लिहिणं तर सगळ्यांनाच मोकळं.

पान 'बदललेलं' म्हणून नोंदलंही जात नसे. त्यामुळे दुसऱ्या कारणाने ते लिहिलं गेलं नाही, तर डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राही आणि पेज कॅश रिकामी झाल्यावर मेमरीतला पुरावाही जाई. ही त्रुटी ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होती. ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये दुरुस्त झाली.

या उदाहरणावर एवढा वेळ घालवला, कारण यात मेमरीची मोडतोड कुठेच नाही. एसएमईपी, एसएमएपी, केएएसएलआर ही प्रोसेसर आणि कर्नलची संरक्षणं चालूच असायला हवीत, पण असल्या तर्कातल्या चुकीपुढे ती काहीच करू शकत नाहीत. इथे कर्नल हल्लेखोराचा कोड चालवत नाही, स्वतःचंच काम चुकीच्या पानावर करतो. म्हणून 'हार्डनिंग केलंय, पॅच नंतर बघू' हे उत्तर चालत नाही.

दुसरं उदाहरण सीव्हीई-२०२४-१०८६. फायरवॉलच्या एनएफ-टेबल्स भागात पॅकेट 'ड्रॉप' करण्याच्या निर्णयासोबत एक एरर क्रमांक ठेवता येतो. तो ऋण असावा अशी अपेक्षा, पण धन आकडाही स्वीकारला जायचा. मग एक फंक्शन पॅकेट मोकळं करून टाकी आणि परत येताना उत्तर मात्र 'स्वीकारलं' असं दिसे. पुढचा कोड तेच पॅकेट वापरत राही आणि शेवटी दुसऱ्यांदा मोकळं करी. एकच मेमरी दोनदा मोकळी झाली, की ती दोघांच्या हाती देता येते, आणि तिथून पुढे रस्ता खुला. जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्ती आली, मार्चमध्ये हल्ल्याचा कोड जाहीर झाला आणि मेच्या अखेरीस अमेरिकेच्या सिसा या संस्थेने प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत तिची नोंद केली. पॅच आणि हल्ला यांच्यातलं अंतर एवढंच असतं.

आता खरा प्रश्न. फायरवॉलचे नियम बदलायला नेटवर्क ॲडमिनचा अधिकार लागतो, मग साध्या युजरला तिथवर जाता आलंच कसं? युजर नेमस्पेसमुळे, म्हणजे युजरांच्या ओळखींचा वेगळा कप्पा बनवण्याच्या सोयीमुळे. कोणताही युजर स्वतःचा नेमस्पेस बनवून त्याच्या आत 'रूट' होऊ शकतो. ते रूटपण आतल्यापुरतंच असतं हे खरं, पण त्या जोरावर कर्नलचा असा कितीतरी कोड त्याला हाताळता येतो जो पूर्वी फक्त खऱ्या रूटसाठी होता. फाइल सिस्टिम माउंट करण्याच्या कोडमधली सीव्हीई-२०२२-०१८५ सुद्धा याच दारातून आली. त्यामुळे एकच सेटिंग बदलायला वेळ असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हरवर साध्या युजरसाठी युजर नेमस्पेस बंद करा.

डेबियनवर 'कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन' हे कर्नलचं सेटिंग शून्य करा. रेड हॅट कुटुंबात 'युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस' शून्य करतात, पण हे रूटलाही लागू होतं, त्यामुळे कंटेनर (यंत्राचाच कर्नल वापरणारे वेगळे कप्पे) चालवणाऱ्या यंत्रावर आधी चाचणी घ्या. रूटलेस पॉडमन (रूटशिवाय चालणारे कंटेनर), फ्लॅटपॅक (ॲप बसवण्याची एक पद्धत) आणि क्रोमचा सँडबॉक्स यांना युजर नेमस्पेस लागतो. डेस्कटॉपवर तो बंद केल्यावर ब्राउझर उघडेना म्हणून सँडबॉक्सच बंद करून चालवणं हा त्याहून मोठा धोका आहे, ते करू नका. उबंटू २४.०४ ने मधला मार्ग काढला आहे: नेमस्पेस बनतो, पण ॲपआर्मरच्या (प्रोग्रॅमना मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेच्या) प्रोफाइलने मुभा दिली नसेल तर आत अधिकार मिळत नाहीत. मार्च २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने याला वळसा घालण्याचे तीन मार्ग दाखवले, तेव्हा 'ॲपआर्मर_रिस्ट्रिक्ट_अनप्रिव्हिलेज्ड_अनकन्फाइन्ड' हे सेटिंगही १ करून घ्या.

ईबीपीएफही (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) साध्या युजरला नको: 'अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड' १ ठेवा. १ ठेवल्यावर रीबूटशिवाय ते मागे घेता येत नाही, २ ठेवल्यास रूटला पुन्हा बदलता येतं.

न वापरली जाणारी मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे भाग) हा दुर्लक्षित भाग. ज्या कर्नलमध्ये डीसीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल आहे, तिथे साध्या युजरने त्याचं सॉकेट मागितलं, तरी कर्नल ते मॉड्यूल आपणहून लोड करू शकतो. २०१७ मध्ये सापडलेली सीव्हीई-२०१७-६०७४ या कोणी फारसं न वापरलेल्या प्रोटोकॉलमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ पडून होती. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये नुसतं 'ब्लॅकलिस्ट' लिहिलं तर टोपणनावाने होणारं लोडिंग थांबतं, पण नाव घेऊन केलेलं थांबत नाही. 'इन्स्टॉल' ही ओळ लिहून तिथे 'बिन/फॉल्स' द्या. डीसीसीपी, एससीटीपी, टीआयपीसी आणि आरडीएस या प्रोटोकॉलपासून सुरुवात करा, मात्र आपलं कुठलं सॉफ्टवेअर ती वापरतं का ते आधी तपासा.

कंटेनरबद्दल मोठा गैरसमज आहे. कर्नल एकच असतो, त्यामुळे कंटेनरमधला हल्ला थेट होस्टवर पोचतो. डॉकरचं मूळ सेकॉम्प प्रोफाइल (कोणते सिस्टिम कॉल चालतील याची यादी) नवा युजर नेमस्पेस बनवू देत नाही. कुबरनेटीसमध्ये (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत) मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय सेकॉम्प लागूच होत नाही. पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाच्या) 'सेकॉम्पप्रोफाइल'मध्ये 'रनटाइमडिफॉल्ट' लिहा, किंवा क्यूबलेटवर (प्रत्येक यंत्रावरच्या कुबरनेटीसच्या प्रोग्रॅमवर) ते सगळ्यांसाठी चालू करा. 'अलाउ प्रिव्हिलेज एस्कलेशन' फॉल्स केल्यावर प्रश्न मिटला असं समजू नका. त्याने सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फाइलींतून अधिकार वाढणं थांबतं, कर्नलच्या त्रुटीवर त्याचा परिणाम नाही. अनोळखी लोकांचा कोडच चालवायचा असेल, तर जीव्हायझर किंवा फायरक्रॅकरसारखी वेगळी भिंत घाला.

एवढं सगळं पॅचला पर्याय नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचे लोक स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात आणि त्यांची संख्या इतकी आहे की एकेक वाचून निवड करणं शक्यच नाही. स्टेबल शाखेचे सगळे अपडेट घ्या, आणि सिसाच्या यादीत नाव आलं तर मेन्टेनन्सची वाट बघू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: पॅकेज बसलं, पण यंत्र जुन्याच कर्नलवर चालत राहिलं. 'युनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी कमांड) काय सांगतं आणि बसवलेलं सर्वांत नवं पॅकेज कोणतं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. उबंटूवर 'व्हार/रन'मध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' फाइल दिसते, रेड हॅटवर 'नीड्स-रीस्टार्टिंग -आर' विचारा. नुसत्या आवृत्तीवरून निष्कर्ष काढू नका. रेड हॅटच्या आरएचईएल ९ चा कर्नल ५.१४ च म्हणवतो, पण दुरुस्त्या मागून आणून त्यात घातलेल्या असतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा. लाइव्हपॅच (रीबूटशिवाय चालू कर्नल दुरुस्त करण्याची सोय) वापरत असाल, तर 'युनेम' बदलत नाही, त्याची स्थिती वेगळी तपासावी लागते. आणि प्रत्येक दुरुस्ती लाइव्हपॅचने देता येत नाही, म्हणून रीबूटची तारीख तरीही ठरलेली हवी.

फसलेला हल्ला बऱ्याचदा कर्नलच्या लॉगमध्ये 'ऊप्स' (कर्नलच्या आतल्या चुकीची नोंद) सोडून जातो. 'डीमेसेज_रिस्ट्रिक्ट' १ आणि 'केपीटीआर_रिस्ट्रिक्ट' २ ठेवा, म्हणजे कर्नलचे मेमरीतले पत्ते या वाटांनी बाहेर फुटणार नाहीत. 'पॅनिक_ऑन_ऊप्स' १ आणि 'कर्नल.पॅनिक' १० केलं, तर ऊप्सनंतर यंत्र दहा सेकंदांत रीबूट होतं आणि त्याच अवस्थेत दुसरा प्रयत्न करता येत नाही. एखाद्या सदोष ड्रायव्हरमुळेही मग सर्व्हर बसेल, म्हणून जोडीला दुसरा सर्व्हर असेल तिथेच हे करा. लॉग त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठवा, कारण ज्याला रूट मिळालं, तो इथलं लॉग पुसून टाकू शकतो.