पाय आहे, गुडघा नाही

पाय शाबूत असलेल्या रुग्णाला ‘गुडघा नाही’ असा कोड कसा लागतो, हे तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. अमेरिकेतील रुग्णालयांची कागदपत्रे वाचून त्यांतील निदानांना कोड, म्हणजे प्रत्येक निदानासाठी ठरलेला अक्षर-आकड्यांचा क्रमांक, लावण्याचे काम मी ऐरोलीत बसून करते आणि आता नव्या मुलांना ते शिकवतेही. सांध्यांचा धडा सुरू झाला की प्रत्येक तुकडीत कोणीतरी हात वर करते : ‘मॅडम, पेशंट वॉकर धरून चालतो असे डॉक्टरांनी लिहिले आहे, मग त्याला गुडघा नाही असा कोड कसा लावायचा?’ घरी हाच प्रश्न जरा काळजीच्या सुरात येतो, कारण आमच्याकडे निम्म्या आत्या-मावश्यांच्या ‘वाट्या बदललेल्या’ आहेत.

या वाटीबद्दल आधी थोडे सांगायला हवे. गुडघा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक कापून तेथे धातूचे भाग बसवतात व मधे प्लास्टिकची चकती ठेवतात. वाटीची मागची बाजू कधी बदलतात, कधी तशीच ठेवतात. म्हणजे जिच्या नावाने आपण ही शस्त्रक्रिया ओळखतो ती वाटी पुष्कळदा जुनीच राहते. बोलण्यात याने काही बिघडत नाही, पण कोडच्या पुस्तकात वाटीचे विकार एम २२ मध्ये आणि गुडघ्याची झीज एम १७ मध्ये आहे. ‘संधिवात’ या शब्दाची तर आम्हांला धास्तीच वाटते, कारण त्या एका शब्दात झीज, आमवात, युरिक ॲसिडमुळे सुजणारा सांधा आणि जंतूंमुळे पू झालेला सांधा हे सगळे मावतात, आणि प्रत्येकाचा कोड वेगळा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी वर्गात फळ्यावर एकाच उजव्या गुडघ्याचा प्रवास मांडते. आधी झीज : एम १७.११. मग कृत्रिम सांधा बसला : झेड ९६.६५१, म्हणजे सांधा आहे, पण कृत्रिम. काही वर्षांनी त्याला जंतुसंसर्ग झाला : टी ८४.५३ एक्स ए. जंतू धातूवर आणि प्लास्टिकवर चिकट थर धरून बसतात आणि प्रतिजैविके त्या थरात नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे अनेकदा सांधा काढूनच टाकावा लागतो. त्याच्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा ठोकळा बसवतात, ज्याला सगळे स्पेसर म्हणतात, आणि रुग्णाला काही आठवडे, कधी काही महिने, तसेच ठेवतात. संसर्ग गेल्याची खात्री झाल्यावर दुसरी शस्त्रक्रिया होते व नवा सांधा बसतो.

प्रश्न या मधल्या दिवसांचा आहे. पाय आहे, कातडी आहे, बोटे हलतात, आत सिमेंटही आहे. पण स्वतःचा गुडघा पूर्वीच गेला आणि बसवलेला काढला. या अवस्थेचा कोड झेड ८९.५२१, म्हणजे ‘उजवा गुडघा नाही’. स्पेसर असला काय किंवा नसला काय, हा कोड तोच राहतो असे त्याच्या व्याख्येतच लिहिले आहे, त्यामुळे ‘स्पेसर म्हणजे तात्पुरता गुडघाच की’ हा मुलांचा युक्तिवाद चालत नाही. अमेरिकेत ही अवस्था स्वतंत्रपणे नोंदवायची सोय २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, आमच्या कोडच्या पुस्तकाच्या (आयसीडी) जुन्या नवव्या आवृत्तीत झाली, आणि २०१५ मध्ये दहावी आवृत्ती लागू झाली तेव्हा ती या नव्या आकड्यांत आली.

गोंधळ होतो तो शेजारामुळे. हा कोड ज्या गटात आहे त्या गटाचे नावच ‘गुडघ्याखालील पाय नसणे’ असे आहे, आणि गुडघ्याखाली कापलेल्या उजव्या पायाचा कोड आहे झेड ८९.५११. दोघांत एका आकड्याचा फरक. नवखी असताना घाईत मीही पाचशे एकवीसऐवजी पाचशे अकरा टाकले होते. तपासणाऱ्या वरिष्ठ बाईंनी चार्ट परत पाठवला आणि खाली एवढेच लिहिले की, ‘त्या आजींचा पाय तू इथे बसून कापलास.’ आजही तो आकडा टाइप करताना माझे बोट क्षणभर थांबते.

दुसरा सापळा यापेक्षा बारीक आहे. सांधा काढल्यानंतरच्या देखभालीसाठी, किंवा नवा सांधा बसवण्यासाठी रुग्ण भरती झाला, तर कोड लागतो झेड ४७.३३, आणि त्याच्यासोबत झेड ८९.५२१ लावायचा नाही, कारण पुस्तकात तेथे ‘एक्सक्लूड्स वन’ची सूचना आहे, म्हणजे हे दोघे एकत्र नांदत नाहीत. मात्र तोच रुग्ण मधल्या काळात न्यूमोनियाने भरती झाला, तर न्यूमोनिया मुख्य निदान होते आणि झेड ८९.५२१ जोडीला येतो, कारण त्याला उठवताना व चालवताना गुडघा जागेवर नाही हे वॉर्डातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. गंमत म्हणजे झेड ४७.३३ मध्ये डावे-उजवे नसते. बाजू कळते ती शस्त्रक्रियेच्या कोडमधून. हे वर्गात मी दोनदा सांगते, आणि तरीही परीक्षेत अर्धी मुले दोन्ही कोड लावतात.

डॉक्टरांनी सांध्याच्या जागी मांडीचे आणि नडगीचे हाडच एकमेकांना घट्ट जोडून टाकले असेल, तर मात्र झेड ८९.५२१ लागू होत नाही. त्या अवस्थेला झेड ९८.१ आहे. आणि नवा गुडघा बसला की नोंद पुन्हा झेड ९६.६५१ वर येते. पण आजारांच्या यादीत ‘गुडघा नाही’ ही जुनी ओळ एका भेटीतून पुढच्या भेटीत तशीच उतरत जाते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी नवा सांधा बसलेल्या, बागेत फिरून आलेल्या माणसाच्या चार्टवर गुडघा आहे आणि नाही असे दोन्ही लिहिलेले सापडते. अशा वेळी मी मुलांना शस्त्रक्रियेची टिपणे उघडून तारखा लावायला सांगते, आणि तरीही शंका उरली तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायला.