क्लिंच नदीत आशियाई शिंपला ओळखताना

व्हर्जिनिया आणि टेनेसीतून वाहणाऱ्या क्लिंच नदीची वाळू चाळली की आशियाई शिंपला, म्हणजे बाहेरून आलेला कॉर्बिक्युला फ्लुमिनिया, हमखास निघतो. घोळ होतो तो त्याच्यासोबत निघणारी स्थानिक युनिओनिड (गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं एक कुळ) शिंपल्यांची पिल्लं आणि नखाएवढे स्फेरिड (बारीक शिंपल्यांचं दुसरं कुळ) वेगळे काढताना.

मी 0.25 चौरस मीटरची चौकट टाकून तळ 15 सेंमीपर्यंत उकरतो. चाळणीची जाळी 2 मिमीची. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून पिल्लं निसटतात आणि आकडा उगाच कमी येतो.

आधी बाहेरून पाहतो. कॉर्बिक्युलाचं: जाड त्रिकोणी कवच, मधोमध उंच चोच (बिजागरीजवळचा कवचाचा उंचवटा), बोटाला लागणारे समान अंतरावरचे उठावदार पट्टे, लांबी बहुधा 2.5 सेंमीच्या आत. स्फेरिडचं कवच पातळ आणि जवळपास गुळगुळीत असतं. रंग मात्र पिवळ्यापासून काळ्यापर्यंत काहीही निघतो, त्यावर जाऊ नये. चोचीजवळचे पट्टेही पुष्कळदा झिजलेले असतात.

खात्री बिजागरीवरच, म्हणजे कवचाचे दोन अर्धे (झडपा) जोडणाऱ्या सांध्यावरच होते. कॉर्बिक्युलाची रिकामी झडप दहापट भिंगाखाली धरली की चोचीखाली तीन लहान दात आणि दोन्ही बाजूंना लांबट दात दिसतात. लांबट दातांवर करवतीसारख्या खाचा असतात. सुई फिरवली तर खरखर लागते. स्फेरिडमध्ये हेच दात गुळगुळीत. युनिओनिडमध्ये लांबट दात असलेच तर चोचीच्या मागच्या बाजूलाच.

जिवंत शिंपला सुरीनं उघडू नये. स्नायू फाटून तो मरतो, आणि निघाला संरक्षित जातीचा तर तो गुन्हाच. अशी जात परवान्याशिवाय उचलताही येत नाही, रिकामं कवचसुद्धा. शंका आली की मोजपट्टी ठेवून बाहेरून, वरून आणि चोचीकडून फोटो काढावेत आणि शिंपला होता तिथेच परत रोवावा.

स्थानिक शिंपल्यांवरच्या परिणामांबद्दल जरा जपून लिहितो. कॉर्बिक्युला पाणी गाळूनही खातो आणि पायाने गाळातलं अन्नही ओढतो, त्यामुळे गाळात वाढणाऱ्या युनिओनिड पिल्लांच्या तोंडचा घास जातो. तो उभयलिंगी, एकट्यानेही वाढणारा. युनिओनिडच्या अळ्यांना मात्र वाढायला आधी मासा गाठून त्याला चिकटावं लागतं. शर्यत इथेच विषम होते. तरी धरणं, गाळ आणि कोळसाखाणींचं पाणी यांनी केलेलं नुकसान त्याच्या खात्यावर टाकणं चूक आहे.

उन्हाळ्यात पाणी तापलं आणि पातळी उतरली की कॉर्बिक्युला एकगठ्ठा मरतो. कुजताना अमोनिया सुटतो आणि ऑक्सिजन घटतो. त्या वासाच्या पट्ट्यात मी मेलेली युनिओनिड पिल्लं वेगळी मोजतो.

निघताना बूट, चाळण 60 अंशांच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. ब्लीचवर विसंबू नये. शिंपला झडपा मिटून घेतो.