सत्तावीस नंबर, हजर

गुरुवार, २ जुलै २०२६

आजचा आकडा २००५. एकतीस नंबरच्या वर्गमित्रानं सकाळी सात-दहाला ग्रुपवर पाठवला. मी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यावरच्या वहीत वजाबाकी मांडली. ५२०० वजा ००२५, म्हणजे ५१७५. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. सात पायऱ्या. ग्रुपवर टाकलं, 'बारा, सात'. बारा हा माझा रोल नंबर.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच, आणि एकदा आलं की पुढे तेच तेच येत राहतं. आमच्या नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये हे शोधून काढलं. १९७५ च्या मार्चमध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि हे नाव जगभर गेलं. त्याच वर्षी आम्ही अकरावीला कॉलेजात आलो. नव्या दहावीची ती पहिलीच तुकडी. १९८० ला बी. एस्सी. होईपर्यंत पाच वर्षं आम्ही एकाच वर्गात होतो. गणिताच्या सरांनी फळ्यावर ६१७४ करून दाखवलं, तेव्हा कापरेकर देवळालीतच राहत होते. बसनं जाऊन भेटता आलं असतं. आमच्यातलं एकही जण गेलं नाही. १९८६ मध्ये ते गेले. ही रुखरुख आम्हा सगळ्यांना आहे, आणि रोज सकाळी त्यांचीच वजाबाकी करत बसण्यात तिचाही वाटा असावा असं मला वाटतं.

आम्ही अकरा जण. एकमेकांना नंबरानंच हाक मारतो, कारण सर हजेरी तशीच घ्यायचे. यापूर्वी सगळ्या वर्गाचा मोठा ग्रुप होता. स्नेहमेळावा झाला, फेटे बांधले, फोटो काढले, आणि वर्षभरात त्यावर फक्त फुलांची चित्रं आणि पुढे ढकललेले निरोप उरले. कोण कसं आहे ते कुणालाच कळत नव्हतं. वर्षातून एकदा जंगी भेटण्यापेक्षा रोज दोन मिनिटं एकमेकांची दखल घेणं मला फार मोलाचं वाटतं. आमचा नियम साधा आहे. पाळीपाळीनं एकानं आकडा द्यायचा आणि साडेनऊच्या आत बाकीच्यांनी पायऱ्या कळवायच्या. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याला फोन करायचा. वीस नंबर अमेरिकेत मुलाकडे असतो. आपली सकाळ म्हणजे त्याची जेवणाची वेळ, तरी त्याचं उत्तर बहुतेक वेळा पहिलं येतं.

साडेनऊचा हा नियम आधी इतका कडक नव्हता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो कडक झाला.

त्या दिवशी सत्तावीसचं उत्तर आलं नाही. ती इंदिरानगरला एकटी राहते, मुलगी बंगळुरूला. मी दहाला फोन केला, रिंग वाजत राहिली. वाटलं, भाजी आणायला गेली असेल. सव्वादहाला पुन्हा केला. मग मात्र पोटात कालवलं आणि मी एकतीसला कळवलं. तो पाथर्डी फाट्याला राहतो, स्कूटर काढून वीस मिनिटांत पोहोचला. दाराला आतून कडी होती. शेजाऱ्यांनी आणि त्यानं मिळून दार उघडायला अर्धा तास लागला. ती मोरीत पडली होती, पहाटे साडेपाचपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होती, पण थंडीनं काकडली होती. फोन बाहेर पलंगावर वाजत होता. नंतर तिनं मला सांगितलं, "अगं, वाजलेला प्रत्येक फोन मी मोजत होते. मला माहीत होतं साडेनऊ वाजून गेलेत. कुणीतरी येणार, एवढं माहीत होतं." हे वाक्य लिहितानाही माझे डोळे भरून येतात.

पुढच्याच आठवड्यात आम्ही किल्ल्या वाटून घेतल्या. जे एकटे किंवा दोघंच राहतात, त्यांनी एक किल्ली जवळ राहणाऱ्या वर्गमित्राकडे ठेवायची. रात्री आतली कडी लावायची नाही, नुसतं लॅच. माझ्याकडे पाच नंबरच्या घराची किल्ली आहे, कॉलेज रोडवरचं घर. देवघरातल्या डबीत ती ठेवली आहे. मुलं दूर गेली त्यात त्यांचा काही दोष नाही, आपणच त्यांना शिकवून पाठवलं. पण किल्ली ज्याच्या हाती द्यावी असं माणूस दहा-पंधरा मिनिटांवर असायलाच हवं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

आज महिन्यातला पहिला गुरुवार, आमचा भेटीचा दिवस. एरवी आम्ही कुसुमाग्रज स्मारकात जमतो, मेमध्ये गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला. या वेळी सत्तावीसनं आधीच सांगून ठेवलं होतं, "मला सोमेश्वरला जायचंय. धबधब्यावर." कॉलेजात असताना पाऊस सुरू झाला की आम्ही सायकली काढून तिथं जायचो. गंगापूर रोडला तेव्हा सोमेश्वरपर्यंत दोन्ही बाजूंना मळे होते. आता इमारतींमधून जाताना कुठला मळा कुठं होता यावर पाच आणि चौदा यांचा वाद होतो, तो आजही झाला.

पाणी अजून फार नव्हतं. त्र्यंबककडे जोर धरला की मग नदी गढूळ होऊन फुगते. आज दोन-तीन पांढऱ्या धारा होत्या आणि काळा खडक बराचसा उघडा. खाली उतरायला पायऱ्या. सत्तावीस काठी टेकून वर उभी राहिली आणि त्या पायऱ्यांकडे बघत राहिली. एकतीस म्हणाला, "दोघं जण धरतो की तुला." ती म्हणाली, "नको रे. आज इथूनच." मग आम्ही सगळेच वर बसलो. ज्यांना उतरता येत होतं तेही उतरले नाहीत. गाडीवरून कणसं आणली, भाजलेली, लिंबू-तिखट-मीठ लावून. सत्तावीसचे दात आता तितके साथ देत नाहीत, म्हणून चौदानं तिला दाणे सोलून दिले. दीड तास बसलो असू. गप्पा कसल्या, तर कुणाच्या नातवाला उसनं घेऊन वजाबाकी करता येत नाही (त्याला तीन अंकी खेळ शिकवायचं ठरलं, त्यात शेवटी ४९५ येतं), कुणाच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली, सार्वजनिक वाचनालयातून कुणी काय आणलं.

आठ नंबरबद्दल लिहायचं राहिलं. तो तीन वर्षांपूर्वी गेला, झोपेतच. त्याचा नंबर रिकामा राहील असं आम्ही धरून चाललो होतो. तेराव्यानंतर चार दिवसांनी त्याच्याच फोनवरून एक फोटो आला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं केलेली वजाबाकी, आणि खाली लिहिलेलं, 'आठ, पाच'. त्याच्या बायकोनं पाठवलं होतं. ती मराठी घेऊन बी. ए. झालेली. आम्हाला म्हणाली, "हे रोज सकाळी डायनिंग टेबलावर बसून करायचे. मी समोर भाजी चिरत बघायचे. मी केलं तर चालेल का?" तेव्हापासून आठ नंबर ती आहे. सुरुवातीला दोन-तीनदा चुकली, तर वीस नंबरनं अमेरिकेहून व्हिडिओ कॉल करून तिला समजावलं. आज सोमेश्वरला ती डबा भरून खजुराचे लाडू घेऊन आली होती.

परतताना रिक्षात सत्तावीस माझ्या शेजारी होती. आनंदवल्लीपाशी म्हणाली, "उद्याचा आकडा तुझा ना? आज सातानं दमवलं. उद्या सोपा दे."

घरी येऊन वही काढली. १९७५ करून बघितला, सहा पायऱ्या होतात. १९८० ला तीन. आमच्यातले बहुतेक जण १९५९ चे. ९९५१ वजा १५९९, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोनच पायऱ्या.

उद्या सातला १९५९ पाठवते. काठी घेऊनही तिला सहज जमेल.