मासे कधी सोडायचे?

घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी लावायला घेतलेली माणसे मला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न विचारतात, तो दिव्यांचा नसतो आणि प्रवाळांचाही नसतो. टाकी भरून झाली, पाणी नितळ दिसते आहे, पंप चालू आहेत, तापमान २५ अंशांवर स्थिर आहे. मग मासे कधी सोडायचे, एवढेच त्यांना हवे असते. बहुतेकांनी मनाशी आठवडाभराचा हिशेब धरलेला असतो आणि मी दीड महिना म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो. तुम्ही विचारलंत म्हणून त्या दीड महिन्यात टाकीत काय घडते आणि ते का घडू द्यावे लागते, हे जरा सविस्तर लिहितो.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, तो मुख्यतः कल्ल्यांवाटे. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो क्षणात विरून जातो. काचेच्या चार भिंतींत त्याला जायला जागा नसते. तो संपवण्याचे काम दोन प्रकारचे जीवाणू करतात: पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. हे जीवाणू फार सावकाश वाढतात, आणि आपल्या दीड महिन्याचे कारण तेच आहे. अन्न कुजवणारे जीवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, यांना मात्र एकेका दुपटीला बराच वेळ लागतो आणि त्यांना घाई करायला लावता येत नाही.

गोड्या पाण्यात मासे पाळलेली मंडळी इथे हमखास फसतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप खरे विषारी असते. पाण्याचा सामू (पीएच) एका अंकाने वाढला की त्या विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्याच्या टाकीचा सामू ७ च्या आसपास असेल तर समुद्राच्या पाण्याचा ८.२ असतो. म्हणून जेवढ्या अमोनियात गोड्या पाण्यातला मासा तगून गेला, तेवढाच खाऱ्या पाण्यातल्या माशाचा जीव घेऊ शकतो.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि त्या अनुभवाची किंमत दोन क्लाउनफिशनी मोजली. पहिली टाकी भरली तेव्हा चौथ्याच दिवशी मी ती जोडी आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड वर करून उभे होते आणि त्यांची कल्ल्यांची झाकणे भराभर उघडमीट करत होती. मला वाटले प्राणवायू कमी पडतो आहे, म्हणून मी हवेचा पंप वाढवला. सहाव्या दिवशी सकाळी दोघेही तळाशी पडलेले होते. त्यानंतर मी पहिल्यांदा अमोनियाची चाचणी केली. नळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते गडद हिरवे झाले. ती नळी उजेडासमोर धरून मी कितीतरी वेळ उभा होतो. पाणी दिसायला त्या दिवशीही नितळच होते.

म्हणून आता माझ्या लेखी टाकीची सुरुवात पाण्यापासून होते. नळाचे पाणी नुसते क्लोरीन काढून वापरू नये. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबे असते. तांब्याचा जो अंश माणसाला बाधत नाही, तो शंख, कोळंबी आणि प्रवाळ यांना मारतो. आर.ओ. आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारी डी.आय. अशा दोन्ही गाळण्यांतून काढलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच घ्यावे. त्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम या प्रमाणात प्रवाळटाकीसाठीचे समुद्री मीठ विरघळवावे. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये. ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण, हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास असावे. ते रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवणाऱ्या यंत्राने, मोजावे आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा, कारण नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारे यंत्र वरच्या टोकाला चुकलेले असू शकते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायलाच हवी. टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी; मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची घट गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरून काढायची असते. खाऱ्या टाकीत खारेच पाणी घालायचे, असे समजून महिनाभर मीठ वाढवत नेलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांतले प्रवाळ मिटून गेलेले पाहताना जीव तुटतो.

आता खडकांविषयी. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्री मासे पाळण्याची आपली पद्धत मांडली, तिच्यात समुद्रातून आणलेले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच टाकी चालत असे. त्यांच्या खडकांवर आणि खडकांच्या आत जीवाणू आधीपासूनच वस्तीला होते. आज बहुतेक जण कोरडे खडक वापरतात आणि मलाही तेच योग्य वाटते, कारण त्यासाठी समुद्रातला जिवंत प्रवाळखडक फोडावा लागत नाही; मात्र मग ती वस्ती आपल्याला शून्यापासून उभी करावी लागते. खडकांची रचना आधी टेबलावर करून पाहावी. टाकीत ते थेट तळावर ठेवावेत आणि वाळू नंतर घालावी, नाहीतर वाळू उकरणारा एखादा मासा पायाच पोखरतो आणि सगळी रचना काचेवर कोसळते. काच आणि खडक यांमध्ये हाताचा पंजा सहज फिरेल इतकी फट ठेवा.

खडक बसले, पाणी भरले, पंप सुरू झाले की रिकाम्या टाकीला अन्न द्यायचे. बाटलीतला शुद्ध अमोनिया, ज्यात साबण किंवा सुगंध नाही असा, सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होईल इतका घालावा. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट अडते. मग एका दिवसाआड चाचणी करत राहायची. पहिले काही दिवस काहीच हलत नाही आणि धीर सुटतो तो याच दिवसांत. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइटची नळी जांभळी होत जाते. नायट्राइट चढलेले असताना नायट्रेटच्या चाचणीवर विसंबू नये, कारण बहुतेक चाचण्या नायट्रेटचे आधी नायट्राइट करूनच रंग दाखवतात. शेवटी एक दिवस असा येतो की आज २ पीपीएम अमोनिया घातला आणि उद्या याच वेळी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले. टाकी तयार झाली की नाही, हे मी फक्त या एका कसोटीवर ठरवतो. कुणाला ती चार आठवड्यांत लाभते, कुणाला आठ लागतात.

या काळात दिवे जवळजवळ बंदच ठेवले तरी चालतात. तरीही वाळूवर तपकिरी थर येईल. तो बहुधा डायाटम या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि पाण्यातले सिलिकेट संपले की तोही जातो. पाहण्यासारखे दृश्य वेगळेच असते. खडकांसोबत किंवा मूठभर जुन्या वाळूसोबत काही जीव आले असतील, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री खोली अंधारी करून काचेला टॉर्च लावा. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके काचेवरून थांबत थांबत, मध्येच झटका देऊन सरकताना दिसतील. ते कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव. त्यांना कुणी विकत आणलेले नसते. ते पहिल्यांदा दिसले त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून टाकीपाशी आणले होते.

कसोटी पार पडली की निम्मे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावे. जीवाणू पाण्यात नव्हे, खडकांवर चिकटलेले असतात, त्यामुळे पाणी बदलल्याने केलेली मेहनत वाया जात नाही. आधी थोडे शंख आणि संन्यासी खेकडे सोडावेत, मग एक किंवा दोन लहान मासे, आणि पुढच्या माशापूर्वी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. येणारा प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर निरखावा. क्रिप्टोकॅरिऑन या माशांवरच्या परजीवीचे पांढरे ठिपके एकदा मुख्य टाकीत शिरले तर तिथे औषध घालता येत नाही, कारण माशांवर औषध म्हणून चालणारे तांबे इतरांचा जीव घेते. मऊ प्रवाळ दोनेक महिन्यांनी आणता येतात. अ‍ॅक्रोपोरासारखे कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि समुद्रफूल मात्र टाकीला वर्ष होईपर्यंत आणू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांना अल्कलिनिटीतला, म्हणजे पाण्याच्या सामू स्थिर राखण्याच्या क्षमतेतला, रोजचा चढउतारही सोसत नाही. प्रवाळ घ्यायचे ते टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडेच घ्यावेत. सर्व दगडी प्रवाळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा त्यांचे कागद मागायला संकोच करू नये.

पहिला मासा संध्याकाळी सोडा. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्या, पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजून घ्या आणि मासा जाळीने टाकीत सोडून पिशवीतले पाणी बाहेर ओतून द्या. दिवे बंद ठेवा. तो सरळ खडकांमागे जाईल आणि त्या रात्री दिसणार नाही, कदाचित दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला शोधायला खडक हलवू नका. सकाळी चिमूटभर अन्न टाका आणि काचेपासून दोन पावले मागे बसा.