एअरब्रश थुंकायचा थांबला, ड्रेडनॉट पुन्हा टेबलावर

काल रात्री वॉरहॅमर ४०,००० या खेळातल्या माझ्या ड्रेडनॉटच्या, म्हणजे चालत्या युद्धयंत्राच्या छोट्या मॉडेलच्या, दोन्ही खांद्यांवर एअरब्रशने सलग पांढरा मारला आणि पाण्याचा एक थेंबही उडाला नाही. बडोद्यात, ऐन पावसाळ्यात! म्हणून टर्मिनेटरांचं (त्याच खेळातले जड चिलखतवाले सैनिक) लिहायचं ठरलं होतं ते पुढच्या वेळी.

मागचं वाचलेल्यांना माहीत आहे, गाडी झेनिथलवर अडली होती, म्हणजे वरून उजेड पडल्यासारखी काळ्यातून पांढऱ्याकडे जाणारी छटा फवारण्यावर. काळा प्रायमर झकास बसला, तिरक्या कोनातून राखाडीही बसला. पण वरून पांढरा सुरू केला की थोडा वेळ बरं चालायचं आणि मग फुस्स! सार्कोफॅगसच्या दर्शनी भागावर पाण्याचा फोड. मरणाच्या दारातला स्पेस मरीन (खेळातला चिलखती सैनिक) ज्या पेटीत बंद होऊन लढत राहतो, तोच या मॉडेलचा चेहरा. डाग पडायचे ते नेमके तिथेच. पांढऱ्याचा थर सगळ्यात पातळ, त्यामुळे तो काही लपवतही नाही.

सुई साफ केली, ०.३ चा नॉझल बदलला, थिनरचं प्रमाण बदलून पाहिलं, दाब २० पीएसआयवरून १५ वर आणला. फरक शून्य. शेवटी कप रिकामा करून नुसती हवा आरशावर सोडली. काही वेळाने आरशावर बारीक थेंब! म्हणजे रंगाचा काही दोष नव्हता, हवाच पाणी घेऊन येत होती. ज्याचा एअरब्रश थुंकतो त्याने सगळ्यात आधी ही आरशाची चाचणी करावी. सुया-नॉझलवरचे पैसे वाचतील.

पण कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी डबी, होता, मग पाणी आलं कुठून? ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जेमतेम ३० ग्रॅम वाफ मावते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत त्यातली २४-२५ ग्रॅम आधीच असते. टाकीत ३ बारपर्यंत दाबलं की चार घनमीटर हवा एकात कोंबली जाते आणि वाफही चौपट होते. जास्तीच्या वाफेचं पाणी व्हायलाच हवं, पण पंप तापलेला असला की हवा गरम असते आणि गरम हवा वाफ धरून ठेवते. टाकीला चिकटून बसलेला ट्रॅप फक्त थेंब पकडतो, वाफ त्यातून आरामात निघून जाते. पुढे एअरब्रशकडे जाणाऱ्या होजमध्ये (नळीत) हवा निवते आणि तिथे थेंब धरतात. ट्रॅपच्या पुढे! सुरुवातीला सगळं ठीक आणि पंप तापला की थुंकी, हे कोडं इथे सुटलं.

उपाय मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका न्यूमॅटिकच्या (दाबाच्या हवेच्या सामानाच्या) दुकानात मिळाला. मी मोठा ट्रॅप मागत होतो. काउंटरवरच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘भाई, पहेलां हवा ठंडी करो, पछी पाणी काढो.’ मोठा ट्रॅप त्यांनी विकलाच नाही. असा दुकानदार मिळायला भाग्य लागतं. नळीचे कोपरे, फेरूल (जोडावरच्या कड्या), फिटिंग्ज सगळं तिथूनच घेतलं. ऑनलाइन ‘हॉबी’ म्हणून विकतात त्यापेक्षा हा माल दणकट आणि स्वस्त आहे.

आता रचना अशी. टाकीतून निघालेली हवा आधी एसीच्या पाव इंची तांब्याच्या नळीतून जाते. नळीचं वेटोळं पाण्याच्या बादलीत बुडवलंय. प्लॅस्टिकची पीयू (पॉलियुरेथेन) नळी इथे कुचकामी, ती उष्णता सोडतच नाही. बादलीतून वर आलेली नळी टेबलाच्या कडेवरून उतरत्या अंगाने फिल्टर-रेग्युलेटरला (पाणी गाळून दाब ठरवणाऱ्या यंत्राला) जोडली आहे, म्हणजे पाणी आपोआप त्याच्या बाऊलमध्ये उतरतं. पहिल्याच बैठकीत बाऊलच्या तळाशी पाणी दिसायला लागलं. इतके दिवस हे सगळं माझ्या मॉडेलवर जात होतं.

मी इथेच थांबणार होतो. पण मित्र ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीत आहे, तो बघायला आला आणि म्हणाला, ‘अरे, याला ब्रीदर लाव ना!’ ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तापून-निवून फुगतं, आकसतं, तेव्हा आत येणारी हवा सिलिका जेलमधून गाळून घेतात. तीच युक्ती. रेग्युलेटरच्या पुढे पारदर्शक बाऊलचा तयार इनलाइन ड्रायर बसवला आणि त्यात नारिंगी जेल भरलं. ओलं झालं की ते हिरवं पडतं. निळं घेऊ नका, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. ११०-१२० अंशांवर तापवलं की जेल पुन्हा कामाला येतं, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत जेल भरून जुगाड कृपया कोणी करू नका, दाबाखाली बाटली फुटते. बाऊलच्या तोंडाशी फेल्टची चकती हवीच, नाहीतर जेलची भुकटी नॉझलमध्ये.

स्प्रे कॅनवाल्यांनो, मॅट वार्निशला अजून महिनाभर हात लावू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरतं आणि काळं चिलखत पांढुरकं होतं.

तर ड्रेडनॉट. दर्शनी भाग २००० च्या ओल्या पॉलिश पेपरने घासून सपाट केला आणि झेनिथल पुन्हा घेतलं. काळ्यातून पांढऱ्याकडे जाताना आता मधली पायरी कुठे दिसत नाही, रिव्हेटांखालची सावली तेवढी जागच्या जागी उरली आहे. त्याच उत्साहात ड्रेडनॉटच्या डोळ्याची लेन्स रंगवली. आधी पूर्ण गडद हिरवी, मग खालच्या अर्ध्यात तिरका उजळ हिरवा, अगदी कडेला पिवळट रेघ आणि समोरच्या वरच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका. तो ठिपका टेकला आणि काच चमकली! विन्सर अँड न्यूटनच्या सीरीज ७ ब्रशचं टोक अजून सुईसारखं आहे. ब्रशवर खर्च करायचाच असेल तर इथे करा.

बेससाठी, म्हणजे मॉडेल उभं राहतं त्या चकतीसाठी, मंगळाची लाल धूळ ठरली होती, अॅडेप्टस मेकॅनिकस या खेळातल्या यंत्रपूजकांच्या मुलखातली. हे लिहिता लिहिताच विचार बदलला. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचा काठ रोज दिसतो, पाणी ओसरल्यावर उरलेला तपकिरी, चकाकता गाळ आणि त्यात पहुडलेल्या मगरी. ड्रेडनॉट तसाच चिखल तुडवत यायला हवा. तपकिरी पिगमेंट, वर ग्लॉस वार्निश, पायाच्या ठशात थोडं जास्त. मिलिपुट या पुटीची अर्धी रुतलेली मगरीची कवटीही करणार. मग चिलखताचा लाल बेसमध्ये हरवणार नाही, हा आणखी एक फायदा.

हातांना ३ बाय २ मिलिमीटरची चुंबकं बसवायची आहेत, ध्रुव मार्करने खुणा करूनच. तांब्याची नळी उरली आहे, बडोद्यात कोणाला हवी असेल तर सांगा. फ्लेअरिंगचं (नळीचं तोंड पसरवायचं) हत्यारही माझ्याकडेच आहे, या आणि इथेच जोडून घ्या.